मुक्या जिवाला वेळेवर सलाईन
(सेमाडोह येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सिपनेकाठच्या या सेमाडोहात कुत्रा हा घराचा आणि गोठ्याचा राखणदार आहे. रानडुकराचा सुळा लागला, परतवाडा–धारणी मार्गावर वाहनाची धडक बसली अथवा पार्व्होच्या आजारात उलट्या-जुलाब झाले, की त्याच्या देहातील रक्त वा पाणी झपाट्याने घटते. अवयवांना प्राणवायू अपुरा पडतो. यालाच ‘शॉक’ म्हणतात. मी कापडाचा व्यापारी, पशुवैद्य नव्हे. तथापि जीवदयेला ज्ञानाची जोड हवी, म्हणून वाचून-विचारून जाणलेले आपणांपुढे ठेवतो.

शॉकमध्ये बहुधा हिरड्या पांढुरक्या पडतात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. नाडी जलद व क्षीण होते, पंजे गार पडतात.

१८३२ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. आजच्या सलाईनचे मूळ तेथे आहे. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे सुमारे ८५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्यात जेमतेम सव्वा लिटर. डॉक्टर सामान्यतः रिंगर लॅक्टेटसारखा द्रव किलोमागे १० ते २० मिलिलिटर, १५ ते २० मिनिटांत देतात, आणि नाडी व हिरड्या पुन्हा तपासूनच पुढील मात्रा ठरवतात. कारण अतिरेकही घातक आहे: रक्तस्राव चालू असता दाब एकदम वाढल्यास धरलेली गुठळी सुटते, रक्त पातळ होते, हृदय दुबळे असल्यास फुप्फुसांत पाणी साठते.

‘ग्लुकोजची बाटली लावा’ असा आग्रह आपण धरतो. परंतु साधे ग्लुकोजचे पाणी रक्तवाहिन्यांत फारसे टिकत नाही. कातडीखाली दिलेला द्रवही शॉकमध्ये नीट शोषला जात नाही. रक्त फार गेले असल्यास अखेर रक्तच द्यावे लागते.

घाट उतरून दवाखाना गाठेपर्यंतचा काळ मात्र आपल्या हाती आहे. वेदनेत पाळीव कुत्राही चावतो, म्हणून सावधपणे जवळ जावे. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी, वारंवार उचलून पाहू नये. अंगावर पांघरूण घालावे. ग्लानीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर त्वरित कळवावे, आणि निघताना वजनाचा अंदाज व इजेची वेळ लिहून सोबत न्यावी. तेवढ्या नोंदीवरून डॉक्टरांना पहिली मात्रा लगेच ठरवता येते.