शाळा आपली, जमीन सरकारची
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'शाळेच्या आठवणी' हा विषय दिला होता. पण सकाळपासून आठवणी भरपूर झाल्या. गणिताच्या सरांची छडी तिघांनी सांगितली आणि तिन्ही गोष्टींत मार खाणारा मीच होतो. तेव्हा मी विषय बदलतो. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मला बोलता येतं ते सातबाऱ्यावरच.

जेवणाआधी आपल्या बॅचनं शाळेच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून द्यायचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण मनात एक कुसळ होतं, कारण मागच्या आठवड्यात मी शाळेच्या गटाचा सातबारा काढून आणलाय. त्यावर भोगवटादाराच्या जागी 'सरकार' आहे, पुढं 'गायरान' आहे. शाळेचं नाव कुठंच नाही. इतर हक्काच्या रकान्यातसुद्धा नाही. कागदावर आपण सगळे गुरं चरायच्या रानात शिकलो. (काही जणांच्या बाबतीत सर हे मान्य करतील.)

असं का झालं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातली साधारण ६० टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाची. १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाची. उरलेली ३० टक्के जहागिरदारांची. ज्या गावाचा सारा सरकारी तिजोरीत जायचा, तिथं निदान शाळेची मागणी कुणाकडं करायची हे तरी ठरलेलं होतं. जहागिरीच्या गावात सारा जहागिरदाराच्या घरी जायचा, आणि शाळा काढायची की नाही हे त्याच्या मर्जीवर. माझी आजी जहागिरीच्या गावची. तिच्या गावात शाळा नव्हती, आपल्या गावात होती, दोन्ही गावांत अंतर दोन कोसांचं. लहानपणी मला वाटायचं, ते गावच अडाणी असेल. तलाठी झाल्यावर कळलं की फरक जमिनीच्या मालकीचा होता.

आपली शाळा आधी 'वस्तानिया', म्हणजे उर्दू माध्यमाची मिडल स्कूल. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठी आली. १९४९ ला जहागिरी गेल्या, सर्फ-ए-खास सरकारजमा झालं. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुण्या-साताऱ्याकडं हायस्कूलं मुख्यतः खासगी संस्थांनी काढली. आपल्याकडं सरकारी हायस्कूलं जिल्हा परिषदेकडं आली. म्हणून मराठवाड्यात 'जिल्हा परिषद प्रशाला' हा शब्द घराघरात आहे. नांदेडला वजिराबादचं मल्टिपर्पज हायस्कूल आपल्यातल्या कित्येकांनी पाहिलंय.

शाळा हस्तांतरित झाली, म्हणजे मास्तर आले, टेबल-खुर्च्या आल्या, हजेरीपट आले. जमिनीचा फेरफार मात्र आपल्या गावी कुणी घेतला नाही. एका सरकारी खात्याकडून दुसरीकडं जातंय, कागद कशाला, असं वाटलं असेल. मी त्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०: जी जमीन कुणाच्या मालकीची नाही, ती शासनाची. कलम २२: शासनाच्या जमिनीतून गायरान, गावठाण, स्मशान अशा कामांसाठी जमीन राखून ठेवता येते. गायरानावर ग्रामपंचायतीची देखरेख असली तरी मालकी शासनाची. मग त्यावर बांधलेली शाळा कुणाच्या जमिनीवर आहे? शासनाच्या. शाळा कुणाची? जिल्हा परिषदेची. आणि रंगरंगोटीची वर्गणी कुणाकडं मागायची? आपल्याकडं.

आता तुम्ही म्हणाल, सरकारची तर सरकारची, बिघडलं काय? आपला रस्ता आठवा. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाला. अहमदपूर आणि लोह्याच्या मधल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यांना राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं मोबदला मिळाला. कुणी नांदेडला प्लॉट घेतला, कुणी लातूरला पोराच्या क्लासची फी भरली. शाळेच्या मैदानाचीही पट्टी गेली. जिथं आपली कबड्डीची पाटी होती, ती पट्टी. तिचे शाळेला किती मिळाले? शून्य. जमीन सरकारची, घेणारंही सरकार, मोबदला द्यायचा कुणाला? फक्त भिंतीचं मूल्यांकन झालं आणि ती रक्कम वरच्या कार्यालयात जमा झाली. शाळेनं पुन्हा भिंत बांधायला मागणी केली तर उत्तर आलं, 'जागेचा मालकी पुरावा जोडा.' मी तेव्हा शेजारच्या मंडळात नोकरीला होतो. मुख्याध्यापक माझ्याकडं आले, मी म्हणालो, बघतो. बघितलं नाही. हे आज सगळ्यांसमोर सांगतो.

पैशाचं दुसरं अंग ऐका. शिक्षकांचा पगार राज्य सरकारकडून येतो, त्याची चिंता नाही. समग्र शिक्षा योजना २०१८ ला आली, तिच्यात शाळेला पटसंख्येवर अनुदान ठरलं. पट हजाराच्या वर गेला तरी वर्षाला कमाल एक लाख. त्यातच खडू, त्यातच वीजबिल, त्यातच संडासाची दुरुस्ती. मग जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा कुठून येतो? शेतसाऱ्यावरचा उपकर आणि जमीन खरेदी-विक्रीच्या मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार, ज्यात जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा वाटा असतो. हे दोन्ही जमिनीवरच उभे आहेत. गायरानाला सारा नाही, म्हणून उपकर नाही. गायरान विकलं जात नाही, म्हणून अधिभार नाही. आणि जिथं जमिनीला भाव, तिथं अधिभार मोठा. पुण्याच्या आसपास एका सोसायटीचे फ्लॅट विकले गेले तर जेवढं जमा होईल, तेवढं आपल्या बाजूच्या गावांत किती वर्षांनी जमेल, हिशेब करून बघा. पोरं तीच, पुस्तकं तीच.

आपला अमेरिकेतला मित्र, आज व्हिडिओवर आला होता, त्याच्याशी मी हे बोललो. तो म्हणाला, तिकडंही हाच घोळ आहे, फक्त मोठ्या मापाचा. १७८५ ला त्यांनी कायदा केला की नव्या मुलखात ३६ तुकड्यांचा एक टाउनशिप आखायचा आणि त्यातला १६ वा तुकडा, ६४० एकर, शाळेच्या खर्चासाठी राखायचा. कुठं तो विकून खाल्ला, कुठं अजून भाड्यानं आहे आणि त्याचं उत्पन्न शाळांना जातं. तिथं शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता कराच्या पैशावर चालतात, आणि केंद्र सरकारच्या जमिनीवर तो कर लागत नाही. युटा राज्यात तर निम्म्याहून जास्त जमीन केंद्राची. म्हणून १९७६ ला त्यांनी कायदाच केला, की कराच्या बदल्यात केंद्रानं तिथल्या काउंटीला काही रक्कम द्यायची. 'पुरत नाही' अशी तक्रार आहेच. पण जमीन अडवल्याबद्दल सरकार काही देणं लागतं, हे तरी कागदावर आलं. आपल्याकडं ही कल्पना मांडली तर तहसीलमध्ये चहा पाजून परत पाठवतील.

आपल्याकडं नीट झालेलंही मी पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माझी ड्यूटी औसा-निलंगा भागात होती. किल्लारीच्या आजूबाजूची गावं नव्या जागेवर बसवायची होती. सरकारनं जमीन संपादित केली, नकाशे काढले. मी ज्या नकाशांवर काम केलं, त्यांत घरांच्या आधी रस्ते, शाळा, मंदिर, मैदान यांच्या जागा मार्क केल्या होत्या. इतकी माणसं मेलेली, सगळीकडं रडारड, आणि आम्ही टेप धरून शाळेच्या प्लॉटचे कोपरे मोजतोय. तेव्हा मला तो कोरडेपणा वाटला होता. नंतर त्या शाळांच्या हद्दीवरून माझ्याकडं एकही भांडण आलं नाही.

आता आपल्या दोन खोल्यांवर येतो. मागच्या बाजूला पत्र्याचं एक शेड पडलंय, तुम्ही सकाळी पाहिलंच. ज्याचं आहे तो आपल्याच गावचा, कदाचित आपल्यातल्या कुणाचा पाहुणा. मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण मोजणी न करता आपण पाया घेतला आणि निम्मी खोली वादात अडकली, तर तुमचे पैसे कोर्टाच्या तारखांना जातील. २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग प्रकरणात गायरानं मोकळी करायला सांगितलं. त्याच निकालात म्हटलंय की अपवाद म्हणून जिथं आधीच शाळा किंवा दवाखाना उभा आहे, तिथं नियमित करता येईल. म्हणजे आपली बाजू पडकी नाही. पुरावा हवा, एवढंच.

आणि पुरावा सापडलाय. २०२३ ला कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली, तेव्हा जुन्या कागदांची सवय झालेली काही मंडळी कचेरीत आहेत. त्यांच्यातल्या एकानं मला १९५४-५५ चं खासरा पत्रक काढून दिलं. आपल्या सर्व्हे नंबरसमोर शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द आहे: मदरसा. नक्कल माझ्या पिशवीत आहे, नंतर बघा, पण हात धुऊन.

तेव्हा माझं म्हणणं असं. जमलेली रक्कम सहा महिने बँकेत राहू द्या. त्यातून आधी मोजणीची फी भरू. ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, खासऱ्याची नक्कल, असा प्रस्ताव जिल्हा परिषदेमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं जाईल, की ही जमीन शाळेसाठी द्या. अर्ज मी लिहितो, ते एक काम मला येतं. फेऱ्या मारायला मात्र एकट्याचं वय राहिलं नाही. नांदेडला राहणारे आणि लातूरला राहणारे, दोन्हीकडून दोन-दोन नावं मला आज पाहिजेत. बाई, तुम्ही हजेरी घेतल्यासारखी घ्या, म्हणजे कुणी 'गैरहजर' म्हणणार नाही.

भूमी अभिलेख कार्यालय सोमवारी पावणेदहाला उघडतं. मी फाटकापाशी उभा असेन.