पाचव्या महिन्यातील तपासणी

गर्भारपणाच्या नऊ महिन्यांत पाचव्या महिन्याचे स्थान काही वेगळेच आहे. सुरुवातीची मळमळ, ओकाऱ्या आणि अन्नाचा तिटकारा ओसरलेला असतो. शेवटच्या महिन्यांतील जडपणा अद्याप यावयाचा असतो. चोरओटी होऊन गेलेली असते आणि डोहाळजेवणाला अवकाश असतो. याच सुमारास पोटात काही हलल्याची पहिली जाणीव गर्भवतीला होते. पहिलटकरणीला ती अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या आसपास होते. दुसऱ्या खेपेच्या स्त्रीला ही खूण ओळखीची झालेली असल्यामुळे ती बहुधा थोडी आधीच कळते. मागील पिढ्यांना गर्भाच्या कुशलतेचा एवढाच काय तो पुरावा मिळत असे. आज त्याच्या जोडीला एक तपासणी आली आहे. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान केली जाणारी ही सोनोग्राफी आता शहरांतील घरांना नवीन राहिलेली नाही. तिचा अर्थ मात्र सर्वांनी नीट जाणून घेतला आहे, असे म्हणवत नाही.

घराघरांतून या दिवसाविषयी बोलताना ‘आज बाळ पाहायला जायचे आहे’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. त्यातील कौतुक खोटे नाही. पण ही भेट दर्शनाची नसून परीक्षेची असते. पडद्याकडे टक लावून बसलेले डॉक्टर वीस-पंचवीस मिनिटे फारसे बोलत नाहीत, तेव्हा आईच्या मनात नाही नाही त्या शंका येतात. वस्तुतः ते मौन एकाग्रतेचे असते. करंगळीच्या पेरांएवढे अवयव एकामागून एक तपासावयाचे असतात आणि गर्भ काही सांगितल्याबरोबर कूस बदलत नाही. त्याने पाठ फिरवली, तर आईला उठून थोडे चालून येण्यास सांगावे लागते.

या विद्येचा उगम दवाखान्यात झालेला नाही. मानवी कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी पाण्यात सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून शत्रूच्या पाणबुड्यांचा ठाव घेण्याची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी साधली. पुढे कारखान्यांतून पोलादाच्या आतील भेगा शोधण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले इयान डोनाल्ड हे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि ही यंत्रे त्यांच्या परिचयाची होती. पोलादातील भेग ज्या उपायाने कळते, त्याच उपायाने पोटातील गाठ का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून ते बाष्पपात्रांच्या एका कारखान्यात गेले आणि तेथील यंत्राखाली त्यांनी त्या तपासून पाहिल्या. तरुण अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्या साहाय्याने त्यांनी केलेले संशोधन ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी, आईच्या पोटात असताना ज्यांच्यावर क्ष-किरण पडले अशा मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते, हे दाखवून दिले होते. एक दार बंद होत असतानाच दुसरे उघडले, ते असे.

आजच्या यंत्राचे तत्त्व तेच आहे. पोटावर फिरविली जाणारी छोटी दांडी सेकंदाला तीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनी आत पाठविते. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. हाड, स्नायू, पाणी यांच्या सीमांवर त्याचा काही अंश परत फिरतो, आणि तो परतण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र चित्र रेखाटते. पोटावर जो थंडगार लेप लावतात, तो दांडी आणि कातडी यांमधील हवा घालविण्यासाठी; कारण हवेचा पातळसा थरही या ध्वनीची वाट अडवितो. यात क्ष-किरण नसतात. योग्य कारणासाठी आणि जरूर तेवढाच वेळ केलेल्या तपासणीने गर्भाला अपाय झाल्याचे आजवर दिसून आलेले नाही.

विसाव्या आठवड्यात गर्भाची डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी सुमारे पंचवीस सेंटिमीटर आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा देहात पाहण्यासारखे पुष्कळ असते. डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे घेऊन वाढ दिवसांप्रमाणे आहे की नाही, ते ठरवितात. मेंदूची रचना, वरचा ओठ, पाठीच्या कण्यातील मणक्यांची सलग रांग, जठर, मूत्रपिंडे, मूत्राशय, हातपाय यांची तपासणी होते. हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या पाहणे हे सर्वांत कसबाचे काम. कारण ते हृदय मिनिटाला ११० ते १६० वेळा उडत असते. शिवाय गर्भजल पुरेसे आहे काय, गर्भाशयाचे मुख मिटलेले आहे काय आणि वार कोठे चिकटली आहे, हेही पाहिले जाते.

दुसऱ्या खेपेच्या गर्भवतीचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. पहिल्या वेळी घरातील प्रत्येकजण तिच्या पुढेमागे असतो. दुसऱ्या वेळी तिच्या कडेवर एक मूल असते, त्याची शाळा असते, आजारपण असते. ‘पहिले सुखरूप झाले, आता कसली तपासणी!’ हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून येते आणि पुष्कळदा तिच्या स्वतःच्याही तोंडून येते. पण एका गर्भारपणाची ग्वाही दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिले मूल शस्त्रक्रियेने झाले असेल, तर गर्भाशयावर जुना व्रण असतो. वार खाली सरकून नेमकी त्या व्रणावर रुजली, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरण्याचा संभव असतो आणि प्रसूतीच्या वेळी प्राणांतिक रक्तस्राव होऊ शकतो. ही गोष्ट पाचव्या महिन्यात लक्षात आली, तर पुढील तपासण्या, रक्ताची तरतूद आणि मोठ्या रुग्णालयातील बाळंतपण यांची योजना शांतपणे करता येते. आयत्या वेळी, रात्री-अपरात्री लक्षात आली, तर धावपळीला काही अर्थ उरत नाही. खाली असलेली वार बहुतेक स्त्रियांत गर्भाशय वाढेल तशी वर जाते, म्हणून अहवालातील त्या एका ओळीने हबकून जाण्याचेही कारण नाही; सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा एकदा पाहून घेणे एवढेच पुरेसे असते.

या तपासणीला मर्यादाही आहेत. सर्व दोष तिच्यात दिसत नाहीत. काही हृदयविकार जन्मानंतरच उघड होतात. दृष्टी, श्रवण आणि बुद्धी यांविषयी पडदा मूक राहतो. आई स्थूल असेल किंवा गर्भ अडचणीच्या स्थितीत असेल, तर चित्र धूसर येते. म्हणून ‘सर्व ठीक’ या शब्दांचा अर्थ ‘जे पाहता आले, त्यात दोष आढळला नाही’ असाच घ्यावयाचा असतो.

आणि दोष आढळलाच तर? १९७२ साली ब्रिटनमध्ये स्ट्युअर्ट कॅम्बेल यांनी कवटीची वाढच न झालेला गर्भ सतराव्या आठवड्यात ओळखला, तेव्हापासून हा प्रश्न वैद्यकापुढे आणि कुटुंबापुढे उभा आहे. काही दोष शस्त्रक्रियेने बरे होणारे असतात. दुभंगलेला ओठ आधीच समजला, तर आईबापांच्या मनाची तयारी होते. हृदयातील काही दोष आधी समजले, तर ज्या गावी बालहृदयाचे शल्यविशारद आहेत, तेथे प्रसूती करून मुलाचे प्राण वाचविता येतात. काही दोष मात्र जगण्याशी विसंगत असतात. अशा वेळी निर्णयास कायद्याने अवधी दिला आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. विशिष्ट प्रकारच्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत जाते. आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. तरीही जितके लवकर कळेल, तितका दुसरा सल्ला घेण्यास, विचार करण्यास आणि रडून मोकळे होण्यास वेळ मिळतो. तपासणीचा दिवस लांबणीवर टाकू नये, तो याकरिता. अशा प्रसंगी पती तिच्यासोबत असणे हे केवळ सौजन्य नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. एकटीने ऐकलेले वाईट वर्तमान घरी येऊन पुन्हा सर्वांना सांगण्याची शिक्षा कोणत्याही आईला होऊ नये.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक पाटी असते. बेळगावात ती कन्नडमध्ये वाचावी लागते, बडोद्यात गुजरातीत, इंदुरात हिंदीत. मजकूर एकच: येथे गर्भलिंग सांगितले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी उगाच लागलेली नाही. महाराष्ट्राने १९८८ साली या बाबतीत देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला, तो १९९६ च्या आरंभापासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने गर्भाचे लिंग सूचित करण्यास त्याने मनाई केली आहे. पहिल्याच अपराधाला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि लिंग जाणून घेण्याचा आग्रह धरणारे नातेवाईकही तिच्यातून सुटत नाहीत. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४५ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९२७ उरल्या. ही घट निसर्गाने केलेली नाही.

पहिली मुलगी असलेल्या घरात पाचव्या महिन्यातील तपासणीची वाट कोण कशासाठी पाहत आहे, हे त्या गर्भवतीला न सांगताही समजते. ‘डॉक्टर काही बोलले का?’ या साध्या प्रश्नातील दुसरा प्रश्न तिच्या कानांना बरोबर ऐकू येतो. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे शास्त्राने सिद्ध करून कितीतरी वर्षे लोटली; तरी जबाबदारी आईच्याच पदरी टाकण्याची सवय गेलेली नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडावयास लावून पेढा की बर्फी, असा खेळ बायका खेळतात. तो खेळ निरागस आहे, कारण त्याचा निकाल कोणी मनावर घेत नाही. यंत्राला तोच प्रश्न विचारला की त्याचा खेळ राहत नाही. दोष शोधून प्राण वाचविण्यासाठी निर्माण झालेले साधन निर्दोष प्राण घेण्यासाठी वापरले जाते, याहून मोठी विटंबना विज्ञानाच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

या तपासणीसाठी मोठ्या शहरात राहिले पाहिजे वा पदरी फार पैसा असला पाहिजे, असे नाही. गर्भवतीची निदान एक सोनोग्राफी चोविसाव्या आठवड्यापूर्वी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची योजना आहे. जाताना उपाशी राहण्याची गरज नसते. शेवटच्या पाळीची तारीख, आधीचे अहवाल आणि पहिल्या बाळंतपणाचे कागद सोबत घ्यावेत. वार कोठे आहे, वाढ बरोबर आहे का, पुन्हा केव्हा यावयाचे, हे तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

घरातील थोरल्या मुलाचा विचारही या निमित्ताने व्हावा. आईचे लक्ष कोठेतरी दुसरीकडे गेले आहे, हे चार वर्षांच्या मुलालाही उमगते. फक्त का, ते कळत नाही. सर्व सुखरूप असल्याचे कळल्यावर त्याला जवळ घेऊन ही बातमी सांगण्याची वेळ आलेली असते. भाऊ येणार की बहीण, असे ते हटकून विचारील. ‘ते अजून कोणालाच माहीत नाही’ हे उत्तर त्याला द्यावे. ते खरे आहे, कायद्याला धरून आहे, आणि ज्या घरात ते आनंदाने देता येते, त्या घरात येणाऱ्या जीवाचे स्वागत ठीक होईल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.