बाहेरून गणिताची परीक्षा देताना



नोकरी सांभाळून किंवा शेती सांभाळून बाहेरून पदवीची परीक्षा देणारे लोक आज गावोगाव आढळतात. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्याला कॉलेज गाठता आले नाही, त्याच्या दारी कॉलेज आले म्हणा ना! पण कोणी गणित घेतो म्हटले, की लोक विचारतात, "गुरुजी, गणित बाहेरून कसं हो जमायचं?"

जमते. मात्र कसे जमत नाही, ते आधी सांगतो. कारण तो अनुभव माझ्या पदरी आहे.

प्राथमिक शाळेत शिक्षक असताना मी गणित घेऊन बाहेरून पदवीला बसलो. पुस्तके आणली. रात्री जेवणे आटोपली, की दिव्याशी बसावे आणि वाचावे. सिद्धतेची ओळ न् ओळ पटत असे. पटली, की पान उलटावे. पोथी वाचावी तशी ती पुस्तके मी तीनदा वाचली. परीक्षेत प्रश्न आला: अनंत श्रेणीची पदे लहान लहान होत शून्याकडे जात असतील, तर तिची बेरीज एका निश्चित संख्येकडे जाईलच काय? मी ठोकून दिले, "होय." वर कारणही लिहिले, की पुढे मिळवण्यासारखे काही उरतच नाही. त्या पेपरात मी नापास झालो. घरी येऊन पुस्तक उघडले, तर याच प्रश्नाचे उत्तर तेथे होते, आणि त्या ओळीखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ होती!

बरोबर उत्तर काय, ते बघा. एक घ्या, त्यात अर्धा मिळवा, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश, असे मिळवत चला. पदे शून्याकडे जातात यात शंका नाही. पहिल्या १०,००० पदांची बेरीज केली तरी ती १० च्या आतच राहते. वाटते, आता ही थांबणार. पण तृतीयांश आणि चतुर्थांश मिळून अर्ध्याहून जास्त होतात; कारण दोन चतुर्थांश म्हणजे अर्धा, आणि तृतीयांश तर चतुर्थांशाहून मोठा. पुढची चार पदे, पंचमांशापासून अष्टमांशापर्यंतची, मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ घ्या, मग सोळा घ्या. दर खेपेला निदान अर्धा पदरात पडतोच. उशिराने का होईना, पण आठ आणे येतच राहिले, तर गाडगे कितीही मोठे असो, ते भरणारच! ही बेरीज कोठेही थांबत नाही. चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेम या फ्रेंच पंडिताची ही युक्ती. सातवीतल्या मुलालाही ती कळते.

मग मला का नाही कळली? कारण मी ती वाचली होती, केली नव्हती. कॉलेजात असतो, तर माझी चूक दुसऱ्याच दिवशी फळ्यापाशी उघडी पडली असती. बाहेरून शिकणाऱ्याची चूक मात्र वर्षभर घरात सुखाने नांदते, तिला "का?" म्हणून विचारणारे कोणी नसते. तेव्हा तो विचारणारा आपणच नेमला पाहिजे.

दुसऱ्या वर्षी मी रीत बदलली. सिद्धता एकदा वाचायची, पुस्तक मिटायचे, आणि कोऱ्या कागदावर ती लिहून काढायची. जेथे हात अडे, तेथे खूण करायची. तीच सिद्धता चार दिवसांनी पुन्हा लिहायची. पहिल्या महिन्यात एकही धड उतरली नाही. श्रोतेहो, तो महिना फार जड जातो. आपल्याला गणित येतच नाही असे वाटते आणि पुस्तके बांधून ठेवावीशी वाटतात. त्याच महिन्यात टिकून राहावे.

दुसरे म्हणजे, प्रत्येक प्रमेयाला एक उलटा प्रश्न घालायचा. विकलज असेल तर फलन संतत असते, हे खरे. पण संतत असेल तर विकलज असतेच का? केवलमूल्याचा आलेख काढून बघा. शून्यापाशी रेघ तुटत नाही, पण तेथे टोक येते, आणि विकलज निघत नाही. असे एक उदाहरण स्वतः शोधले, की प्रमेयातली कोणती अट कशासाठी आहे, ते विसरत नाही.

तिसरे, शाळा सुटल्यावर मी रिकाम्या बाकांपुढे फळ्यावर शिकवू लागलो. कधी माझा मुलगा समोर बसे. त्याला कलन काय कळणार? पण तो मध्येच विचारी, "बाबा, हे कशावरून?" पुष्कळदा मला उत्तर देता येत नसे. ते प्रश्न मी वहीत उतरवी आणि संपर्क वर्गाला जाताना ती वही बरोबर नेई. नुसते "हा धडा कळला नाही" म्हटले, तर प्राध्यापक तरी काय सांगणार? "या ओळीवरून ही ओळ कशी आली?" असे विचारावे, म्हणजे नेमके उत्तर मिळते.

वेळेचे म्हणाल, तर रोज पहाटेचा एक तास पुरवून वापरावा. रविवारवर विसंबू नये; रविवारी कधी मळणी निघते, कधी निवडणुकीचे काम. शेवटचे दोन महिने जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्या आणि घड्याळ समोर ठेवून, पुरा वेळ एका बैठकीत सोडवाव्या. बोटांना लिहिण्याची सवय लागते, आणि कोणता प्रश्न सोडून पुढे जावे हेही समजू लागते.

दुसऱ्या खेपेला मी पास झालो. वर्ग काही मोठा मिळाला नाही. पण माझ्या शाळेतला वर्ग मात्र बदलला. पूर्वी मी उदाहरण सोडवून विचारी, "समजलं का?" मुले एका सुरात म्हणत, "होऽऽ!" आणि मी पुढे जाई. तो "हो" कसला असतो, ते मला नापास झाल्यावर कळले. दिव्याशी बसून मीही स्वतःला तेच सांगत होतो. आता मी विचारीत नाही. म्हणतो, "फळा पुसतो बाळ, आता तू करून दाखव."