एस्टरचे नाव आणि आम्लाचे नाते
(शाळेच्या विज्ञान मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



खवट लोण्याला येणारा उग्र दर्प ब्युटेनॉइक आम्लाचा असतो. याच आम्लाची इथेनॉलशी अभिक्रिया घडवली की अननसासारख्या सुगंधाचे इथाइल ब्युटेनोएट तयार होते. आम्ल आणि एस्टर यांच्या नात्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कार्बोक्सिलिक आम्ल आणि अल्कोहोल संहत सल्फ्युरिक आम्लाच्या सान्निध्यात तापवले असता एस्टर आणि पाणी मिळते. या पाण्यातील ऑक्सिजन कोणाचा, आम्लाचा की अल्कोहोलचा? 1938 साली रॉबर्ट्स आणि युरी यांनी जड ऑक्सिजनयुक्त मिथेनॉल आणि बेंझोइक आम्ल घेऊन याचा शोध घेतला. जड ऑक्सिजन एस्टरमध्येच राहिला. म्हणजे हायड्रॉक्सिल गट सोडला तो आम्लाने.

एस्टरच्या नावात दोन्ही कुळांची नोंद असते. आधी अल्कोहोलकडून आलेला अल्किल गट, नंतर आम्लाचे नाव. मात्र त्यातील ‘ओइक आम्ल’ जाऊन तेथे ‘ओएट’ येते. आपले विद्यार्थी येथेच अडखळतात, कारण रचनासूत्रात आम्लाचा भाग बहुधा आधी लिहिला जातो आणि नावात तो मागून येतो. उपाय सोपा आहे. ज्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आहे, तो आधी शोधावा. त्या कार्बनसह असलेली साखळी आम्लाची. एकेरी बंधांच्या ऑक्सिजनपलीकडची अल्कोहोलची.

मिथाइल इथेनोएट आणि इथाइल मिथेनोएट या दोहोंत कार्बनचे 3, हायड्रोजनचे 6 आणि ऑक्सिजनचे 2 अणू असतात. परंतु जलअपघटन केल्यास पहिल्यातून व्हिनेगरमधील इथेनॉइक आम्ल मिळते, तर दुसऱ्यातून मुंगीच्या दंशातील मिथेनॉइक आम्ल. नावातील अदलाबदल ही शुद्धलेखनाची चूक नव्हे. तिने पदार्थच बदलतो.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवताना पालकांचा एक प्रश्न सतत कानी येतो: ‘पुढे महाविद्यालयात आमचे मूल टिकेल ना?’ ही चिंता रास्त आहे. पण इथाइल इथेनोएट हे नाव सर्वत्र तेच राहते, बदलते ती लिपी. ‘ओएट’ कोठून आले हे जिला मायबोलीत उमगले, तिला ते दुसऱ्या भाषेत नव्याने समजून घ्यावे लागत नाही. ज्याने केवळ पाठांतर केले, तो कोणत्याही माध्यमात अडेल.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की नावे पाठ करून घेण्यापूर्वी फळ्यावर एस्टरचा रेणू तोडून दाखवावा आणि त्याचे आम्ल मुलांनाच ओळखू द्यावे.