हातांतील यंत्रांची निगा आणि घरखर्च

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या ह्या व्यासपीठावरून विद्याप्रसार, लग्नकार्यांतील खर्चाला आळा, ज्ञातीचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होत असतात. त्या मानाने माझा विषय अगदीच घरगुती आहे. खिशातला मोबाईल, मुलांच्या टेबलावरचा लॅपटॉप आणि दिवाणखान्यातला सेट-टॉप बॉक्स यांची निगा कशी राखावी आणि त्यांपायी होणारा खर्च कसा आवरावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय घरगुती असला तरी तो क्षुल्लक मात्र नव्हे. पूर्वी घरातले घड्याळ बंद पडले तर फार तर वेळ चुके. आज मोबाईल बंद पडला की बँकेचा व्यवहार, गॅसची नोंदणी, मुलाचा प्रवेश-अर्ज आणि परगावी दिलेल्या लेकीचा आवाज ही सारी एकदम थांबतात. आणि नवा फोन घ्यावयाचा म्हटले की बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबात तो पैसा बहुधा शिक्षणाच्या किंवा औषधपाण्याच्या रकमेतूनच निघतो. म्हणून जे यंत्र आणखी दोन-तीन वर्षे चालू शकते, ते अकाली टाकून देणे हा घरातल्या कोणाच्या तरी वाट्याला कात्री लावण्यासारखा प्रकार आहे.

प्रथम बॅटरीचा विचार करू. कारण फोन म्हातारा झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याची केवळ बॅटरी म्हातारी झालेली असते. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली, आणि तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तिच्यापूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या करून भराव्या लागत. तो जुना नियम कित्येक घरांत अद्याप पाळला जातो. परंतु नव्या बॅटरीला तो अपायकारक आहे. तिचे शत्रू दोन: उष्णता आणि टोकाची अवस्था. अगदी शून्यावर नेणे तिला मानवत नाही आणि तासन् तास शंभरावर ठेवणेही मानवत नाही. सामान्यतः २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेली बॅटरी अधिक वर्षे टिकते. अनेक फोनांत ८० टक्क्यांवर भरणे आपोआप थांबविण्याची सोयही असते; ‘सेटिंग्ज’मधील बॅटरीच्या पानावर ती शोधावी.

उष्णतेविषयी आपल्या घरांत विशेष दक्षता हवी. रात्री फोन उशीखाली ठेवून चार्ज करणे, भर उन्हात मोटारीच्या काचेशी तो ठेवणे, चार्जिंग चालू असताना त्यावर खेळ किंवा चित्रपट पाहणे, ह्या तीन सवयी सुटल्या तरी पुष्कळ साधेल. जादा म्हणून कपाटात ठेवावयाचा फोन निम्मा भरून ठेवावा. बॅटरी फुगून फोनची पाठ वर आली असेल तर मात्र काटकसरीचा विचार क्षणभरही करू नये. असा फोन त्वरित बंद करावा, त्याला दाबू वा टोचू नये, आणि जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. एरवी बॅटरी बदलण्यास नव्या फोनच्या किमतीचा लहानसा अंशच लागतो.

‘फोन चार्जच होत नाही’ ही तक्रार घेऊन दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी क्रमाने कराव्यात. दुसरी केबल लावून पाहावी. दुसरा चार्जर लावून पाहावा. फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. आणि शेवटी चार्जिंगचे छिद्र उजेडात धरून आत पाहावे. खिशातला कापसाचा तंतू व धूळ तेथे साठून घट्ट बसते आणि केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने तो मळ काढावा. टाचणी किंवा सुई कदापि घालू नये. चार्जर विकत घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक आहे की नाही, हे पाहावे. ‘बीआयएस केअर’ ह्या अ‍ॅपवर तो क्रमांक पडताळता येतो.

फोन पाण्यात पडल्यास तो तांदळाच्या डब्यात पुरण्याची चाल सर्वत्र आहे. तिचा म्हणावा तसा उपयोग नाही. उलट तांदळाची पूड आत शिरण्याचा धोका असतो. फोन ताबडतोब बंद करावा, बाहेरचे पाणी टिपून घ्यावे, चार्जिंगचे तोंड खाली करून हलकेच झटकावा, आणि वाऱ्याच्या जागी निदान एक दिवस वाळू द्यावा. ओला असताना चार्जरला लावणे हे सर्वांत घातक.

भगिनीवर्गाकडून वारंवार ऐकू येणारी दुसरी तक्रार म्हणजे ‘जागा संपली’. रोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुले आणि सणासुदीची शुभेच्छापत्रे हे तिचे एक मोठे कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चित्रे व चित्रफिती आपोआप उतरवून घेणे बंद करता येते, आणि कोणत्या गटाने किती जागा अडविली आहे हेही तेथेच दिसते. तथापि, निवडून ठेवलेली कौटुंबिक छायाचित्रे एकाच फोनवर राहू देऊ नयेत. फोन नवा मिळतो. आजीचे शेवटचे छायाचित्र पुन्हा मिळत नाही. त्याची एक प्रत संगणकावर वा पेन ड्राईव्हवर आणि दुसरी दुसऱ्या घरी असावी.

आता विजेचा हिशेब. चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून मुलांवर रागावणारे वडील पुष्कळ आहेत. ५००० मिलीअँपिअर-तासांची फोनची बॅटरी रोज पूर्ण भरली, तरी वर्षाकाठी सुमारे ९ युनिट वीज लागते. रिकामा चार्जर तर ह्याहूनही फार कमी घेतो. ह्याउलट, केवळ रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स जर १० वॅट वीज घेत राहिला, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट खर्च होतात. म्हणून रात्री भिंतीवरचे बटण बंद करावे ते त्याचे. रिमोट चालेनासा झाल्यास त्याचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका दिसला तर रिमोट चांगला आहे. एका कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे. ठिपका मुळीच दिसला नाही, तर आधी सेल बदलावेत. जुना आणि नवा सेल मात्र एकत्र घालू नये.

विद्यार्थिमित्रांनो, मंद झालेला लॅपटॉप टाकाऊ समजू नका. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविताच त्याचा वेग इतका वाढतो की यंत्र नवे वाटावे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि कित्येक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही, हे खरे. परंतु लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तिच्यावर लेखन, हिशेब व इंटरनेट ही अभ्यासाची कामे उत्तम होतात; मराठीही लिहिता येते.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. *#०६# दाबले असता फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठविला की फोनची माहिती कळते. तो काळ्या यादीत असेल तर घेऊ नये. आपला फोन हरवल्यास शासनाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद पाडता येतो. त्यासाठी हा क्रमांक आजच घरातल्या वहीत लिहून ठेवावा. आणि कोणी फसवून पैसे काढून घेतले, तर संकोच न धरता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. वेळ गेली की पैसाही जातो.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक नम्र सूचना. आपल्या कित्येक घरांतील कपाटांत जुने लॅपटॉप नुसते पडून आहेत, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज करणारी काही मुले मोबाईलच्या लहानशा पडद्यावर प्रबंध लिहीत आहेत. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी दुरुस्तीचा एक दिवस ठरवावा. ज्ञातीतील तरुण अभियंत्यांनी हातांत स्क्रूड्रायव्हर घ्यावा, देणाऱ्यांनी आपली खासगी माहिती पूर्ण पुसून यंत्रे आणावीत, आणि दुरुस्त झालेली यंत्रे गरजू विद्यार्थ्यांच्या हाती पडावीत. त्यास फारसा निधी लागणार नाही. थोडा वेळ आणि थोडी आस्था पुरेल. पुढील वर्षीच्या अहवालात देणग्यांच्या यादीशेजारी अशा यंत्रांचीही यादी वाचावयास मिळावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.