न सापडणारे दुखणे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरी, इतिहास किंवा राजकारण हे विषय शोभतात. मी आज पोटदुखीवर बोलणार आहे, आणि तेही बायकांच्या ओटीपोटातील दुखण्यावर. विषय कळवला तेव्हा चालकांपैकी दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "घ्या. आपल्या जिल्ह्यात याहून घरचा विषय कोणता?" त्यांचे खरे आहे. दसरा-दिवाळीला कारखान्यांच्या मुलखात गेलेली धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातील बिऱ्हाडे गळीत हंगाम आटोपून याच दिवसांत गावी परततात, आणि पुढच्या पंधरा दिवसांत आम्हा डॉक्टरांच्या दारात बायांची रांग लागते. हंगामात दुखणे काढायला सवड नसते. ते गावी येऊन काढावे लागते.

बाई येते. वय तीस-बत्तीस. ओटीपोट दुखते, कंबर भरून येते, अंगावरून पांढरे जाते. किती दिवस झाले, विचारले तर म्हणते, "लई दिवस झाले." हे लई दिवस म्हणजे दोन वर्षे असतात, कधी चार. हातातल्या पिशवीत कागदांची चळत असते. तीन ठिकाणच्या सोनोग्राफ्या, रक्त-लघवीच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या. बहुतेक कागदांचा निष्कर्ष एकच, की विशेष काही आढळले नाही. मी पुढचा प्रश्न विचारण्याआधी तीच सांगते, "डाक्टर, पिशवी काढून टाका एकदाची. दोन लेकरं झालीत. काय करायचंय आता तिला ठेवून?"

पिशवी हा शब्द मोठा फसवा आहे. गर्भाशय म्हटले की शरीराचा एक अवयव डोळ्यांपुढे येतो. कूस म्हटले की आई आठवते. पिशवी म्हटले की खुंटीवरची पिशवी! तिच्यातले सामान काढून झाले, ती रिकामी झाली, आता टांगून ठेवायची कशाला? शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाई जाण्यापूर्वीच भाषेने अर्धी शस्त्रक्रिया उरकून टाकलेली असते.

परंतु बाईचा हिशेब मूर्खपणाचा आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडे कोयता हे नुसते हत्याराचे नाव नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि खाडाही त्या कोयत्यावरच पडतो. बाई एक दिवस कोपीत निजून राहिली तर दोघांचीही मजुरी बुडते, वर मुकादम खाड्याचे पैसे कापतो ते वेगळेच. पहाटे अंधारात स्वयंपाक उरकून फडात जायचे, नवऱ्याने तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून मालमोटारीत चढायचे. महिन्याचे चार दिवसही हेच. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, कापड वाळत घालायला जागा नाही. अशा स्थितीत पाळी आणि पोटदुखी या दोन्ही कटकटी एका शस्त्रक्रियेत मिटतील असे कोणी सांगितले, तर ती उचल वाढवूनही पैसे उभे करते. तिच्या हिशेबात चूक नसते. एक रक्कम मात्र तिला कोणी सांगितलेलीच नसते. पिशवी गेली तरी दुखणे राहू शकते, ही ती रक्कम. आजच्या माझ्या बोलण्याचा सारा भर एवढ्याच एका गोष्टीवर आहे.

आकडे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असतील, तरी एकदा उच्चारतो. २०१९ साली हा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला. त्या वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सरासरीने दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभर शेकडा तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण सहातील एक आणि शंभरातील तीन यांतले अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. पुढे खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली. अट योग्यच होती.

त्या गदारोळात डॉक्टरांचा लोभ आणि मुकादमांची जुलूमशाही यांवर पुष्कळ लिहिले गेले. लोभी डॉक्टर आहेत आणि त्यांची वकिली करायला मी येथे उभा नाही. पण एक प्रश्न त्या गर्दीत मागे राहिला, तो असा, की या हजारो बायांना मुळात दुखत काय होते?

'कारण सापडत नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात. पहिला अर्थ, कारण कोणी शोधलेच नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या आणि त्याचा वृत्तांत १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातील ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरात ८! दुखणे गूढ नव्हते, ते विचारलेले नव्हते.

आपल्या बायांचेही पुष्कळसे तसेच आहे. आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाही, लघवी दाबून धरते, मग मूत्रमार्गाला जंतू लागतात. अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे किंवा बुरशीचे लक्षण असते आणि ते गोळ्यांनी बरे होते. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. हे सांगितले की नवरा हसतो आणि चिठ्ठी खिशात घालतो. ती चिठ्ठी औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचत नाही, आणि दोन महिन्यांनी बाई पुन्हा दारात उभी. आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षयही विसरून चालत नाही. गर्भाशयाचे अस्तर बाहेर भलत्या जागी रुजण्याचा एक विकार आहे, तो साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही. पाळीच्या आधी दुखणे वाढते का, शौचाला जाताना दुखते का, असे खोदून विचारले तर मात्र त्याचा सुगावा लागतो.

आणखी एक साधी युक्ती आहे, तिला पैसा लागत नाही. बाईला उताणे निजवावे. दुखते त्या जागी बोट ठेवावे आणि तिला डोके व खांदे किंचित उचलायला सांगावे. पोटाचे स्नायू ताणले गेल्यावर दुखणे वाढले, तर ते आतल्या अवयवाचे नसून पोटाच्या भिंतीचे असण्याचा संभव मोठा. वर्षानुवर्षे मोळ्या उचलणाऱ्या बाईच्या पोटाची भिंत दुखली तर त्यात नवल ते काय? पण बोटाच्या तपासणीला वेळ लागतो, आणि सोनोग्राफीचा कागद लगेच हाती पडतो. त्या कागदावर 'गर्भाशय किंचित मोठे' असे चार शब्द आले की भीती घालायला तेवढे पुरतात. 'सूज आहे, पुढे कर्करोग होईल,' हे वाक्य या जिल्ह्यात किती बायांनी ऐकले असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता दुसरा अर्थ. नीट विचारले, नीट तपासले, दुर्बिणीतून आत पाहिले, तरीही काही सापडत नाही, अशा बाया असतातच. त्यांच्या बाबतीत घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही एक शब्द बोलून मोकळे होतात: ढोंग. फार सभ्य असतील तर म्हणतात, मनाचे खेळ. हे दोन्ही खरे नव्हे.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर राखणदार बसतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. एकदा रात्री रानडुकरांनी पीक लोळवले, की त्याची झोप उडते. मग डुकरे येवोत न येवोत, वाऱ्याने ताट हलले तरी तो ओरडतो. आपल्या मज्जारज्जूत आणि मेंदूत असाच एक राखणदार आहे. जुना संसर्ग, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा दरमहा होणारी तीव्र वेदना यांनी तो एकदा धास्तावला, की मूळ कारण निघून गेल्यावरही धोक्याची हाक देत राहतो. हाक खोटी असते, पण ती ऐकणाऱ्याची वेदना खरी असते. त्यातून आतडे, मूत्राशय आणि गर्भाशय यांच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तीन वाड्यांची टपाले एकाच पोस्टात यावीत आणि पत्ते सरमिसळ व्हावेत, तसे होते. दुखणे आतड्याचे, आणि निरोप जातो गर्भाशयाचा. अशा दीर्घकाळच्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या नव्या यादीत स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि ती यादी २०२२ पासून अमलात आली आहे. वेदना हे केवळ रोगाचे लक्षण नव्हे, ती स्वतःच रोग असू शकते, हे आता शास्त्राने मान्य केले आहे.

राखणदार धास्तावला म्हणून माळा पाडून टाकणे हा उपाय नव्हे. पण वैद्यकाने हा प्रकार पूर्वीही करून पाहिला आहे. १८७२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी नावाच्या शल्यचिकित्सकाने पोटदुखी आणि पाळीच्या त्रासासाठी स्त्रियांचे धडधाकट बीजकोष काढण्यास आरंभ केला. त्या शस्त्रक्रियेला त्याचे नाव मिळाले, युरोप-अमेरिकेत ती काही वर्षे फोफावली, आणि बाया बऱ्या होत नाहीत हे ध्यानात येता येता मागे पडली. त्या काळी भूल आणि जंतुनाशके नवीन होती. चाकू चालवणे सोपे झाले होते, तेवढे निदान सोपे झाले नव्हते. आमच्या बालाघाटाच्या डोंगरांत दीडशे वर्षांनंतर निराळे काय घडले, हे मला कोणी समजावून सांगावे.

गैरसमज नको. कर्करोग, मोठ्या गाठी, कशानेही न थांबणारा रक्तस्राव किंवा अंग बाहेर येणे, अशा वेळी गर्भाशय काढावे लागते आणि त्याने जीव वाचतो. निव्वळ दुखण्यासाठी काढल्यावरही काहींना आराम पडतो, हेही मी लपवणार नाही. पण पोटाच्या भिंतीचे, मूत्राशयाचे, आतड्याचे किंवा धास्तावलेल्या मज्जेचे दुखणे गर्भाशयाबरोबर बाहेर निघत नाही. उलट शस्त्रक्रियेची जखम त्यात भर घालू शकते. बीजकोषही काढले असतील तर पस्तिशीच्या बाईला एका दिवसात पन्नाशी गाठावी लागते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. बीजकोष ठेवले तरी ते वेळेआधी थकण्याचा धोका असतो.

मग अशा दुखण्याबरोबर जगायचे कसे? औषधे आहेत, पण रामबाण नाही. दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी. दुखणे किती, पाळी कधी, शौचास साफ झाली की नाही. ज्या बाईला लिहिता येत नाही तिने रेघा ओढाव्यात. दोन महिन्यांच्या रेघांतून जे कळते ते पाच सोनोग्राफ्यांतून कळत नाही. पोट साफ ठेवावे, पाणी प्यावे, शेक घ्यावा. रक्त कमी असेल तर आधी ते भरून काढावे, कारण अशक्त अंगाला दुखणे दुप्पट लागते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळून धरण्याची सवय लागलेली असते. पोट फुगवून सावकाश श्वास घेण्याने ते सैल पडतात, आणि हे शिकायला दहा मिनिटे पुरतात. मज्जेची धास्ती उतरवणारी काही औषधे अल्प मात्रेत देतात. तीच औषधे मोठ्या मात्रेत उदासीनतेवर चालतात, म्हणून औषधाच्या दुकानात कोणीतरी 'हे तर डोक्याचं औषध' म्हणतो आणि सासू ती गोळी उकिरड्यावर टाकते. दुकानदारांना माझी विनंती आहे की, त्यांनी गोळी द्यावी, निदान देऊ नये.

दुखणे शून्यावर आणणे पुष्कळदा जमत नाही. दहा आण्यांचे चार आण्यांवर येते. ते चार आणे घेऊन बाई स्वयंपाक करू शकते, झोपू शकते, लेकराला उचलून घेऊ शकते. परंतु फडात मोळी उचलू शकेलच असे नाही, आणि येथे डॉक्टरची विद्या संपते. खाड्याची चिठ्ठी मी लिहू शकत नाही. आजाराच्या दिवशी कोयत्यावर खाडा पडणार नाही, फडाजवळ शौचालय आणि पाणी असेल, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तर माझ्या दारातील रांग निम्मी होईल असे मला वाटते. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, शास्त्राचा नाही.

राहिल्या त्या १३,८६१ जणी, आणि पाहणीत न आलेल्या इतर. त्यांच्याविषयी आता फारसे कोणी बोलत नाही. परवानगीची अट पुढच्या बायांसाठी झाली, यांच्यासाठी काही नाही. त्यांतील अनेकींचे पोट आजही दुखते, आणि त्या तक्रार सांगू लागल्या की ऐकावे लागते, "आता काय दुखतंय? पिशवी तर काढली ना?" त्या बिचाऱ्या गप्प बसतात. आपल्या घरी, शेजारी, कामाला येणाऱ्यांत अशी कोणी असेल तर तिला अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा येथल्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जावे. शस्त्रक्रियेचा कागद असेल तर सोबत न्यावा. बीजकोष ठेवले आहेत की काढले आहेत, हे त्यावरून कळते, आणि पुष्कळ जणींना ते स्वतःलाच ठाऊक नसते. रक्त तपासावे, हाडांसाठी चुना आणि ऊन यांची सोय पाहावी, लघवी तपासावी. आणि डॉक्टरांना सांगावे की, हिला उताणे निजवा, डोके उचलायला सांगा, आणि पोटाच्या भिंतीपासून पुन्हा पहिल्यापासून तपासा.