आभाळाचे दप्तर आपणच लिहावे
(रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



पाऊस नक्षत्रांस जुमानीनासा झाला, असे आपण सगळेच म्हणतो. परंतु त्यात देवाचा कोप शोधू नये. कोळसा व तेल जाळून झालेल्या धुराने हवा तापली, समुद्र तापला. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते. ती वाफ मग एकदम कोसळते. तापलेल्या समुद्रावर वादळांसही बळ मिळते.

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस क्यार वादळाच्या पावसात कापलेले भात मळ्यातच भिजले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा मोडल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा हापूस झोडपला, आणि त्याच साली २२ जुलैस वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. हापुसाच्या मोहोरास थंडी व कोरडी हवा लागते. अवकाळी पाऊस पडला की मोहोर काळा पडतो व फवारणीचा खर्च वाढतो. फळ गेले म्हणजे एकटा बागवाला बुडत नाही. पेट्या करणारा सुतार, राखण करणारा गडी व आंबे काढणारा मजूर हेही बुडतात.

ग्रामदेवतेस गाऱ्हाणे घालून वारा फिरत नाही. मग करावे काय? हळवे व निमगरवे असे दोन्ही भात थोडे थोडे लावावे, वरकस जमिनीत नाचणी सोडू नये. म्हणजे एकाच पावसात सगळे घर रिकामे होणार नाही.

पण मुख्य गोष्ट कागदाची आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. तोवर घाम कुळाचा व दप्तर खोताचे, अशी स्थिती होती. आज आंबा-काजूस हवामानावर आधारलेला विमा आहे. त्याची भरपाई महसूल मंडळातील हवामान यंत्राच्या आकड्यावर ठरते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, हाती नोंदलेला करार नाही, त्याची बाग आडवी झाली तरी दप्तराला ती दिसत नाही. म्हणून तोंडी बोलीवर बाग घेऊ नका. करार लिहून नोंदवा, आणि बहिणींची नावेही सातबाऱ्यावर चढवा.

दुसरे, प्रत्येक वाडीने पावसाची वही ठेवावी. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा. त्यात जितके मिलिमीटर पाणी साचेल, तितका पाऊस. रोज सकाळी मोजून लिहा व डबा रिकामा करा. हे काम चौथीची मुलगीही करील. यंत्राचा आकडा आपल्या वाडीशी जुळला नाही, तर कचेरीत विचारावयास हाती काही तरी हवे.

वही एका आण्याच्या काळीही आपल्या घरात नव्हती, म्हणून आपण फसलो. आता ती घरोघर असावी, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.